एरंडेल प्यायलेले बूट

नाना,

काल मी बूट घेतले. दिवसभर चालता येईल असे, पाऊस आला तर आत पाणी शिरणार नाही असे, आणि थंडीत बोटं बधिर होणार नाहीत असे. डिसेंबरअखेर एका गार शहरात आठवडाभर राहायचं आहे. भाषण एकच, तेही जेवणानंतरच्या सत्रात, म्हणजे ऐकणारे डुलक्या घेणार; बाकीचे दिवस नुसतं पायी भटकायचं. दुकानातल्या बाईनं विचारलं, "मॅडम, वॉटरप्रूफ दाखवू की वॉटर रेझिस्टंट?" मी म्हटलं, फरक काय? तर म्हणाली, "वॉटरप्रूफमध्ये पाणी जात नाही. रेझिस्टंटमध्ये जातं, पण जरा उशिरा." आपल्या नात्यातल्या निम्म्या पुरुषांच्या निश्चयाची व्याख्या तिनं उभ्या उभ्या करून टाकली. मी वॉटरप्रूफ घेतले. घालून दुकानातच येरझाऱ्या मारल्या, टाच दाबून पाहिली, आत बोटं हलवून पाहिली, आणि एकदम लक्षात आलं की हे सगळं मी तुमच्या पद्धतीनं करतेय. मान खाली, हात पाठीमागे, तोंडानं 'हं' म्हणत. त्या बाईला वाटलं असेल, ही बूट घेतेय की पेपर तपासतेय.

तुम्हाला लिहायची सवय मोडून फार वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हा मे महिना होता, आग्रा रोडचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि तुम्हाला पोचवून आलेली माणसं अंगणात बसून आज पारा किती चढला यावर हुज्जत घालत होती. कुणी त्रेचाळीस म्हणे, कुणी पंचेचाळीस. तुम्ही असता तर उठून शाळेतला तापमापक घेऊन आला असतात. पण बूट म्हटलं की मला तो मे आठवत नाही. मला आठवतो तो हिवाळा, नव्वद साल तोंडावर आलं होतं तेव्हाचा, दिल्लीहून माझ्या मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हाचा.

पत्रकारितेचा अभ्यासक्रम, वसतिगृहात राहायचं, आधी जानेवारीत मुलाखत. धुळ्याच्या मुलीनं अर्ज केलाच कसा, इथपासून लोकांना नवल होतं. तुम्ही ते बोलावणं दोनदा वाचलंत, घडी घातलीत, चष्म्याच्या डबीखाली ठेवलंत आणि आईला म्हणालात, "चहा टाक." बस. हो नाही, नाही नाही. आणि मला धडकी भरली ती त्या गप्प बसण्याची. कारण आपल्या घरात तुमचा नकार कुणी कधी कानानं ऐकलेला नव्हता. तुम्ही गप्प बसायचात आणि ती गोष्ट आपोआप मरायची. माझ्या चुलत बहिणीचं नर्सिंगला जायचं असंच मेलं होतं. तिनं विचारलं, तुम्ही चहा मागितलात, पुढच्या वर्षी तिच्या लग्नात आम्ही जिलबी खाल्ली. ती अजूनही म्हणते, नाना मला कधी नाही म्हणाले नाहीत. मी रोज शाळेतून तुमची सायकल अंगणात लागली की कान टवकारायची. तुम्ही पाय धुवायचात, भाकरी खायचात, आणि आमच्या घरात माझं दिल्लीला जाणं एक एक दिवस आजारी पडत चाललं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी शिंदखेड्याहून आत्या आली. ती स्थळ घेऊन आली होती, नरडाण्याकडचं. मुलाचं कापसाच्या जिनिंगमध्ये काहीतरी होतं आणि मुलाच्या आईला शिकलेली सून हवी होती, मात्र शिकणं थांबलेली. माजघरात पाय पसरून बसत ती तुम्हाला म्हणाली, "नाना, पोरले दिल्लीले धाडी राह्यना का तू? बठ्ठा गाव हासी." शाळेत तुम्ही पुस्तकासारखं बोलायचात, पण आत्यापुढे तुमची अहिराणी आपसूक बाहेर यायची. तुम्ही बराच वेळ सुपारी कातरत राहिलात आणि मग म्हणालात, "अक्का, दिल्लीले जानेवारीमा पानी पडस."

आत्याला वाटलं, चला, सुटलो. "मंग नको धाडू," ती म्हणाली.

"नही. मंग बूट लेना पडतीन."

मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. दोघींनाही कळेना की हा होकार आहे की हवामानाची बातमी.

आता तुम्हाला सांगते, त्या दिवसांत तुम्ही कसे दिसत होता. भूगोलाचे मास्तर तुम्ही. सगळी नोकरी तुम्ही धुळ्यात बसून शीत कटिबंध शिकवला होता. फळ्यावर तुम्ही भूमध्य समुद्र काढायचात, तिथून पूर्वेकडे निळ्या खडूचे बाण, इराण, अफगाणिस्तान ओलांडून ते बाण पंजाब-दिल्लीवर यायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "पश्चिमी विक्षोभ. हिवाळ्यात पाऊस आणतो. गव्हाला चांगला." बाहेर खिडकीत कडुनिंब आणि डोक्यावर न फिरणारा पंखा. तुम्ही स्वतः नाशिकच्या पुढे गेला नव्हता. आग्रा रोडला घर आणि आग्रा पाहिलेला नाही. आपल्याकडे तसं नाहीतरी त्या रस्त्यानं लोक जवळच्या शिरपूरला जातात आणि आग्र्याला जाऊन आल्यासारखे दमून परत येतात. थंडी आपल्याकडेही पडते, काही पहाटे तर हाडं वाजतात, पण आपली थंडी कोरडी आणि नोकरदार आहे. अकरा वाजता घरी निघून जाते. ओली, दिवसभर बसून राहणारी थंडी कशी असते हे आपल्या अख्ख्या गल्लीत फक्त तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्हालाही पुस्तकातूनच.

म्हणून मग शोध सुरू झाला. धुळ्यातल्या दुकानांत बाईच्या पायासाठी दोनच ऋतू होते, उन्हाळा आणि लग्नसराई. सँडल, चपला, टाचेवर टकटक करणाऱ्या सोनेरी पट्ट्या. तुम्ही प्रत्येक दुकानात विचारायचात, "आत पाणी न जाणारं, ऊबदार आणि दिवसभर चालता येईल असं काय आहे?" आणि दुकानदार असा बघायचा जणू तुम्ही नदी पार करून लढाईला निघालात. एकानं शेवटी गमबूट काढून दिले, गुडघ्यापर्यंतचे, काळ्या रबराचे. तुम्ही ते घरी घेऊन आलात, म्हणालात, घालून बघ, तत्त्वतः बरोबर आहे. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "पोर मुलाखतीला चाललीय की दिल्लीच्या गटारी उपसायला?" गमबूट संध्याकाळी परत गेले.

मग तुम्हाला सुचल्या त्या स्वेटरवाल्या. दर हिवाळ्यात फुटपाथवर दोरीला स्वेटरं टांगून बसणाऱ्या नेपाळी बायका. तुमचा तर्क बिनतोड होता. अख्ख्या धुळ्यात बर्फ पाहिलेली माणसं म्हणजे ह्या. दुपारी मला सोबत घेऊन तुम्ही एकीपुढे उकिडवे बसलात आणि आपल्या हिंदी प्रचार परीक्षेतल्या हिंदीत विचारलंत, "बहनजी, आपके प्रदेश में हिमपात के समय स्त्रियाँ पाँव में क्या पहनती हैं?"

"साब, ये मरून वाला लो. बेटी पे अच्छा लगेगा."

"पाँव में. पाँव में क्या पहनती हैं?"

"पाँव में जो मिले वो पहनता है. स्वेटर देखो ना, साब."

ती स्वतः रबरी स्लिपर घालून, घामाघूम होऊन पुठ्ठ्यानं वारा घेत होती. मला इतकं हसू आलं की मी तोंड फिरवून पलीकडच्या सायकलींकडे बघत राहिले. तुम्ही तिच्याकडून लाल-पिवळ्या पट्ट्यांचे जाड लोकरी मोजे घेतलेत आणि उठलात. कोपऱ्यावर आल्यावर, चालता चालताच, म्हणालात, "तिच्या टाचा पाहिल्यास?"

नव्हत्या पाहिल्या.

"भेगांत मेण भरलं होतं. सगळ्या. तुला हसू फार लवकर येतं. ज्याला थट्टा करायची आहे त्यानं आधी दुप्पट बघितलं पाहिजे, नाहीतर ती थट्टा होत नाही, नुसतं तोंड वेंगाडणं होतं." आवाज चढवला नव्हता. वर्गात वही परत देताना जसं बोलायचात तसंच. पुढे मी लोकांची थट्टा करूनच पोट भरलं, त्याबद्दल दोन-चार मानपत्रंही घरात पडली आहेत, आणि या धंद्याचं शिक्षण कुठं झालं असं कुणी विचारलं की मी दिल्लीतल्या त्या संस्थेचं नाव सांगते. सोपं पडतं.

शेवटी जळगावला गेलो. पारोळा, एरंडोल करत बस पोचली तेव्हा दुपार झाली होती. बाजारातल्या त्या सिंधी दुकानदाराला तुम्ही नेहमीचं वाक्य ऐकवलंत. तो जरा विचार करून लहान मुलांच्या कपाटाकडे गेला आणि शाळकरी पोरांचे काळे, नाडीचे, घोट्यापर्यंत येणारे चामडी बूट काढून म्हणाला, "सर, हे चालतील. पण बाळाला आणलं नाही का? माप कसं घेऊ?"

"हीच बाळ."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "सर, लेडीजमध्ये सँडल दाखवतो ना. लग्नासाठी एकदम नवीन माल आलाय."

"लग्नाचं नको. पावसाचं दाखवा."

"सर, पाऊस जूनमध्ये."

"जानेवारीत," तुम्ही म्हणालात, आणि मी तिथेच, त्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या बसल्या, पहिल्यांदा नीट श्वास घेतला. लग्नाचं नको हे वाक्य तुमच्या तोंडून बाहेर पडलं होतं, मग ते चपलांबद्दल का असेना.

मग पाऊण तास माझी परेड. पट्ट्यांचे मोजे घालूनच माप घ्यायचं, कारण मोजे पायाला मोठं करतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, कारण दिवसभर चालल्यावर पाय सुजतो. "चाल. वळ. थांब. टाच आत उचलते का? करंगळी दाबते का? खरं सांग, लाजू नको." तुम्ही गुडघ्यावर बसून बुटाचं टोक अंगठ्यानं दाबत होता आणि दुकानदार आपल्या भावाला बोलावून हे दाखवत होता. तुम्ही त्याला बुटांवर पाणी ओतून बघू द्या म्हणालात. तो हात जोडून म्हणाला, "सर, विकत घ्या, मग विहिरीत टाका."

बूट घरी आले. आत्या अजून मुक्कामाला होतीच. तिनं ते उलटे-सुलटे करून बघितले आणि विचारलं, "बूट घालेल पोरले कोन पसंत करी?" आई त्या सगळ्या दिवसांत आत्यापुढे काही बोलली नव्हती. ती तवा उतरवून म्हणाली, "अक्का, पाय बघून पोर पसंत करणारा जावई मलाच नको." आत्यानं दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली. तुम्ही तिला स्टँडवर सोडायला गेलात आणि येताना एरंडेलाचा डबा घेऊन आलात.

ही तुमची खास कल्पना. तुमचे वडील शिंदखेड्याकडचे शेतकरी. त्यांच्या वहाणा गावातच बनायच्या, लाकडासारख्या टणक. आणल्यावर आधी त्यांना तेल पाजायचं. दिवसचे दिवस त्या एरंडेलात पडून राहायच्या, मग खुंटीला टांगून निथळायच्या, आणि मग चिखल असो, काटा असो, वर्षानुवर्षं हलायच्या नाहीत. तुम्ही लहानपणी बघितलेलं ते तेल आणि भूगोलात शिकवलेला तो पाऊस, दोन्ही त्या बुटांवर येऊन मिळाले. "तेल प्यायलेल्या चामड्यात पाणी शिरत नाही," तुम्ही म्हणालात, आणि आईची पितळी परात घेऊन बूट त्यात निजवलेत. आईनं परातीवर हक्क सोडला. चार दिवस घराला दवाखान्याचा वास होता. पाचव्या दिवशी तुम्ही अंगणात प्रात्यक्षिक घेतलंत. शेजारपाजारचे जमले. तुम्ही तांब्यानं बुटावर बारीक धार धरलीत, आणि खरोखरच पाण्याचे मोती होऊन घरंगळून गेले. तुमचा चेहरा काय फुलला होता. शेजारचे वकीलकाका म्हणाले, "सर, एवढं एरंडेल पाजलंत, आता बुटांना जुलाब होतील." सगळे हसले. तुम्हीही हसलात. वकीलकाकांचं तेवढं एकच भाकीत खरं ठरलं, कोर्टात त्यांचं कधी जमलं नाही.

आठवडाभर मी ते घालून रोज पांझरा नदीपर्यंत जाऊन यायची, कारण नवे बूट प्रवासात पहिल्यांदा घालू नयेत. भर दुपारी, लोकरी मोजे, तेलकट बूट, वर पंजाबी ड्रेस. रस्त्यात बायका विचारायच्या, एनसीसीत गेलीस का गं. पाय भट्टीत घातल्यासारखे व्हायचे. पण मी एकही दिवस चुकवला नाही. तुम्ही तोंडानं हो म्हणाला नव्हता, आणि जोवर बुटांचं काम चालू होतं तोवर माझं जाणं जिवंत होतं, एवढं मला कळलं होतं.

जळगाव स्टेशनवर गाडीची वाट बघताना माझं लक्ष तुमच्या पायांकडे गेलं. त्याच अंगठ्याच्या चामडी चपला. मी म्हटलं, "नाना, आणि तुम्हाला?"

"मला कुठं मुलाखत द्यायचीय."

गाडीत डब्याची दारं-खिडक्या बंद, त्यात आईच्या दशम्या आणि माझे बूट. खांडव्याच्या पुढे समोरची पंजाबी बाई नाक मुरडून म्हणाली, "किसी बच्चे का पेट ख़राब है क्या?" तुम्ही वर्तमानपत्रामागूनच उत्तर दिलंत, "बच्चे का नहीं, बूट का." आणि मी बघितलं की तुम्ही मजेत आहात. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही फळ्यावरच्या त्या निळ्या बाणांच्या दिशेनं चालला होता.

दिल्लीत उतरलो त्या दिवशी धुकं होतं, पाऊस नव्हता. तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या क्वार्टरमध्ये मुक्काम. तो तुमच्या पायांकडे बघून "सर, अहो" म्हणत राहिला, तुम्ही त्याला इथलं सरासरी पर्जन्यमान विचारत राहिलात. दर तासाला बाहेर जाऊन तुम्ही आभाळाकडे बघायचात, एसटी चुकलेल्या माणसासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस आला. बसमधून उतरून संस्थेच्या फाटकापर्यंतचा रस्ता ओला, खड्ड्यांत पाणी, आणि मी ऐटीत चाललेय, कारण खरोखर पाय कोरडे आहेत. फाटक दिसायला लागलं आणि डावा बूट काहीतरी बोलला. फट्. दोन पावलांवर पुन्हा फट्. खाली बघितलं तर तळ पुढून सुटून माशानं तोंड उघडावं तसा उघडलेला. पायरीवर पोचेपर्यंत उजव्यानंही तोंड उघडलं. मी मटकन बसले. आत लोक कोरड्या, चकचकीत बुटांनी जात होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, ते मुलाखतीसाठी नव्हतं. मला वाटलं, झालं, आता नाना गप्प बसणार.

तुम्ही वाकून बूट हातात घेतलात. खडकाचा नमुना बघावा तसे फिरवून बघितलेत. "थर सुटले," म्हणालात. "माझ्या वडलांच्या वहाणा शिवलेल्या असायच्या. हे चिकटवलेले आहेत. तेल चामड्याला मानवतं, डिंकाला नाही. हे मला परात काढायच्या आधी सुचायला हवं होतं." मग स्वतःच्या चपला काढून माझ्यापुढे ठेवल्यात. "घाल."

"आणि तुम्ही?"

"मी हे घालतो."

"नाना, ते लहान होतील तुम्हाला."

"पुढून उघडलेत की. आता कुणालाही होतील."

मी तुमच्या मोठ्या चपलांच्या अंगठ्यात लोकरी मोज्यासकट पाय कोंबला आणि फटक फटक करत आत गेले. समोर तिघं होते. मधल्या चष्मेवाल्या बाईंनी माझ्या पायांकडे बघितलं, लाल-पिवळे पट्टे, पुरुषी चपला, आणि कागद बाजूला सारून म्हणाल्या, "पहले यह बताइए कि यह क्या है." मी धुळ्याच्या हिंदीत सांगितलं. परात सांगितली, वकीलकाका सांगितले, पाण्याचे मोती सांगितले, चिकटवलेलं आणि शिवलेलं यातला फरक सांगितला. काही वाढवून सांगितलं नाही, जसं बघितलं होतं तसं. ते हसायला लागले. एकानं चष्मा काढून डोळे पुसले. मला हसू आलं नाही, कारण बाहेर तुम्ही होता. पुढचे प्रश्न काय विचारले ते मला आजही आठवत नाही.

बाहेर आले तर तुम्ही व्हरांड्यात नव्हता. मी घाबरले. मग दिसलात. समोरच्या उघड्या चौकात, हिरवळीच्या कडेला, भर पावसात. टाचा बाहेर, पोरांचे बूट पुढून आ वासलेले, धोतराचा काठ भिजलेला, आणि एक हात पुढे करून तळव्यावर थेंब झेलत उभे. लोक छत्रीतून वळून बघत होते. मी पळत आले.

"नाना, आत उभं राहायचं ना."

"आत पाऊस नव्हता."

मग तुम्ही तळहात माझ्यापुढे धरलात. "हा मान्सून नाही. बघ, थेंब बारीक आहे. गडगडाट नाही, घाई नाही. हा भूमध्य समुद्राकडून आलाय. मी इतकी वर्षं फळ्यावर नुसते बाण काढत होतो." मुलाखत कशी झाली, हे तुम्ही विचारलंच नाहीत. तुमचे ओठ निळे पडले होते आणि तुम्ही असे हसत होता की मला तुमचा तो चेहरा ओळखीचा वाटेना. शेवटी मीच धीर केला. "नाना, निवड झाली तर?"

तुम्ही खाली पायांकडे बघितलंत. 

"झाली तर जुलैत यावं लागेल. म्हणजे आधी इथला पावसाळा, मग थंडी." पुन्हा पायांकडे. "या खेपेला शिवलेले घेऊ."

पुढे मला लोकांनी पुष्कळ गोष्टींना होकार दिले, काही सह्या करून, काही देवाब्राह्मणांसमक्ष. त्यातले बरेचसे वॉटर रेझिस्टंट निघाले. तुमचा तो 'शिवलेले' एवढ्या एका शब्दाचा अजून टिकून आहे.

निवड झाली. जुलैत तुम्ही मला गाडीत बसवून दिलंत आणि पुन्हा कधी दिल्लीला आला नाहीत. दर हिवाळ्यात बोलावलं, दर हिवाळ्यात तुमचे तपासायचे पेपर आडवे आले. पण जानेवारी लागला की तुमचं कार्ड यायचं. खुशाली एका ओळीत, मग प्रश्न. पाऊस झाला का? थेंब कसा होता? वारा कुठून? मी सविस्तर कळवायची. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी धुळ्याच्या स्टँडवर एक टक्कल पडलेले गृहस्थ जवळ आले, तुमचे विद्यार्थी. म्हणाले, "ताई, तुमच्या पावसाची आम्ही वर्गात वाट बघायचो. सर फळ्यावर बाण काढून झाले की खिशातून तुमचं पत्र काढायचे. म्हणायचे, हे पुस्तकातलं नाही, हे माझ्या मुलीनं पाहिलंय." मी त्यांना चहा पाजला. दुसरं काय करणार होते.

हे पत्र मी कुठल्याच पेटीत टाकणार नाही, आणि तुम्ही नाही आहात हे त्याचं एकच कारण नव्हे. दिल्लीतला माझा दुसरा जानेवारी कोरडा गेला, नाना. सबंध महिन्यात एक थेंब नाही. तुमचं कार्ड आलं तेव्हा बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि तुम्हाला दोन पानं पाऊस लिहिला.